फारिनेल्ली : सतरा वर्षे रंगमंचाची, बावीस वर्षे दरबाराची

अठराव्या शतकातील युरोपीय संगीतरंगभूमीवर सर्वाधिक गाजलेला गायक म्हणून फारिनेल्लीचे नाव घेतले जाते. त्याचे मूळ नाव कार्लो ब्रॉस्की. दक्षिण इटलीतील आंद्रिया या गावी २४ जानेवारी १७०५ रोजी त्याचा जन्म झाला आणि उत्तर इटलीतील बोलोन्या शहरात १६ सप्टेंबर १७८२ रोजी तो निवर्तला. तो ‘कास्त्रातो’ होता. म्हणजे वयात येण्यापूर्वी खच्चीकरण करून ज्याचा बालपणीचा उंच स्वर कायम राखण्यात आला, असा पुरुष गायक. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याचे पहिले मोठे गायन झाले, तिशीच्या आत त्याची कीर्ती युरोपभर पसरली आणि बत्तिसाव्या वर्षी, ऐन बहरात असताना, त्याने सार्वजनिक रंगमंच सोडला तो कायमचा. पुढील बावीस वर्षे तो स्पेनच्या राजदरबारी राहिला.

त्याच्या आयुष्यातील पहिला मोठा निर्णय इतरांनी घेतला आणि तो त्याच्या देहावर शस्त्र चालवून घेतला. नंतरचे बरेचसे निर्णय त्याने स्वतः घेतले. या दोहोंमधील अंतर लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही.

कास्त्रातो गायकांची प्रथा

कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांनी मौन पाळावे, या बायबलमधील वचनाच्या आधारे चर्चच्या वृंदगायनातून स्त्रियांना वगळण्यात आले होते. उंच पट्टीतील स्वरांसाठी मुलांवर अवलंबून राहावे लागे. परंतु मुलगा गाण्यात तयार होतो न होतो तोच त्याचा आवाज फुटे. यावर उपाय म्हणून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलीतील चर्चमध्ये कास्त्रातो गायक दिसू लागले. १५९९ मध्ये पोप क्लेमेंट आठवा यांच्या कारकिर्दीत व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदात इटालियन कास्त्रातो गायकांना उघडपणे प्रवेश मिळाला. पुढे सतराव्या शतकात ऑपेरा, म्हणजे आद्यंत गायली जाणारी संगीतिका, लोकप्रिय झाली आणि देव, राजे व वीरपुरुष यांच्या भूमिका याच गायकांकडे गेल्या. शूर सेनापतीने स्त्रीच्या पट्टीत गावे, यात त्या काळच्या प्रेक्षकाला काहीच विसंगत वाटत नसे. उंच आणि तेजस्वी स्वर हेच त्याच्या लेखी थोरवीचे लक्षण होते.

या शस्त्रक्रियेमुळे स्वरयंत्राची वाढ खुंटत असे आणि स्वरतंतू आखूडच राहत. छाती मात्र प्रौढ पुरुषासारखी, क्वचित त्याहूनही रुंद होई. परिणामी मुलाचा स्वर, प्रौढाचा दमसास आणि अनेक वर्षांची तालीम यांचा संयोग एकाच कंठात घडे. स्त्रीच्या किंवा बालकाच्या आवाजाहून हा आवाज वेगळा असे, याविषयी समकालीनांचे एकमत आहे.

ही शस्त्रक्रिया कायद्याने निषिद्ध होती आणि ती करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितलेली होती. तरीही तिच्यातून तयार झालेल्या गायकांना चर्च स्वतःच नोकरीवर ठेवत असे. या दुटप्पीपणामुळे प्रत्येक कास्त्रातोच्या मागे एखादी अपघाताची कथा जोडलेली असे : कोणी घोड्यावरून पडलेला, तर कोणाला रानडुकराने जखमी केलेले. बहुतेक मुले गरीब घरांतील असत. मुलगा नावारूपाला आला तर कुटुंबाचे दारिद्र्य फिटेल, या आशेवर त्याला वैद्याच्या स्वाधीन केले जाई. प्रत्यक्षात रंगमंचावर नाव मिळवणारे मोजकेच निघत. उरलेले लहानमोठ्या गावांच्या चर्चमध्ये तुटपुंज्या पगारावर गात आणि ज्यांचा आवाज बेताचा निघे, त्यांच्या हाती काहीच उरत नसे. पोप सिक्स्तुस पाचवा यांनी १५८७ मध्ये अशा पुरुषांच्या विवाहालाही मनाई केली होती. फारिनेल्लीचे यश वाचताना ही अनामिक मुले विसरता येत नाहीत.

बालपण आणि तालीम

ब्रॉस्की कुटुंब गरीब नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. वडील साल्वातोरे हे आंद्रियाच्या कॅथेड्रलमध्ये संगीतप्रमुख होते आणि पुढे त्यांनी स्थानिक प्रशासनातही अधिकारपदे भूषविली. थोरला भाऊ रिकार्दो संगीतरचनाकार होण्याचे शिक्षण घेत होता. कुटुंब नेपल्सला स्थायिक झाल्यावर १७१७ मध्ये वडिलांचे अकाली निधन झाले आणि घराचा आधार तुटला. कार्लोच्या शस्त्रक्रियेचा संबंध या आपत्तीशी जोडला जातो. घरच्यांनी कारण सांगितले ते नेहमीचेच, घोड्यावरून पडल्याचे.

नेपल्स हे त्या काळी गायनशिक्षणाचे माहेरघर होते. मुळात अनाथ मुलांसाठी स्थापन झालेल्या तेथील चार संस्थांचे रूपांतर संगीतविद्यालयांत झाले होते आणि ‘कॉन्झर्व्हेटरी’ हा शब्द त्यांच्यावरूनच रूढ झाला. कार्लोला मात्र निकोला पोर्पोरा या ख्यातनाम गुरूकडून स्वतंत्र तालीम मिळाली. पोर्पोरा स्वतः ऑपेरांचा रचनाकार होता. काफारेल्ली हा दुसरा नामांकित कास्त्रातोही त्याचाच शिष्य. उतारवयात व्हिएन्नामध्ये तरुण हायडनने त्याच्याकडे साथीदार म्हणून राहून धडे घेतले. पोर्पोराच्या शिक्षणाचा भर श्वासावर होता. एकच स्वर अगदी बारीक लावायचा, तो हळूहळू भरत नेऊन पूर्ण आवाजावर आणायचा आणि पुन्हा तसाच विरघळवत न्यायचा, हा त्या परंपरेतील पायाभूत अभ्यास होता. फारिनेल्लीने पुढे याच अभ्यासाच्या बळावर लंडन जिंकले.

‘फारिनेल्ली’ हे रंगभूमीवरील नाव त्याने नेपल्समधील फारिना या आश्रयदात्या कुटुंबावरून घेतले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिले गायन आणि आयुष्यभराचा मित्र

१७२० मध्ये नेपल्स येथे ‘आंजेलिका ए मेदोरो’ ही पोर्पोराने संगीत दिलेली रचना सादर झाली. हे पंधरा वर्षांच्या कार्लोचे पहिले मोठे गायन होय. तिची संहिता पिएत्रो मेतास्तासिओ या बावीस वर्षांच्या कवीची होती. पुढे हाच कवी व्हिएन्नाच्या सम्राटाचा राजकवी झाला आणि त्याच्या नाट्यसंहितांना युरोपभरच्या रचनाकारांनी पुनःपुन्हा संगीत दिले. एकाच प्रसंगातून दोघांचा उदय झाला म्हणून ते एकमेकांना ‘जुळा भाऊ’ म्हणत. दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत टिकला.

पोपच्या राज्यात रंगभूमीवर स्त्रियांना बंदी असल्यामुळे रोममध्ये फारिनेल्लीने सुरुवातीला स्त्रीभूमिकाही केल्या. १७२२ मधील तेथील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका गीताला तुतारीची साथ होती. गायक आणि तुतारीवादक यांच्यात रोज रात्री चढाओढ लागे. शेवटी वादक थकून थांबला, तेव्हा फारिनेल्लीने त्याच श्वासात स्वर पुढे नेला आणि वर तानांची बरसात केली. ही हकीकत इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी याने नोंदवली आहे. ती त्याला सुमारे अर्धशतकानंतर समजलेली असल्यामुळे तपशिलात थोडी भर पडलेली असणे शक्य आहे. मात्र त्या दमसासाची साक्ष इतरांनीही दिली आहे.

दुसरी हकीकत पराभवाची आहे. १७२७ मध्ये बोलोन्यात त्याची गाठ वयाने ज्येष्ठ असलेल्या आंतोनिओ बेर्नाक्की या कास्त्रातोशी पडली. फारिनेल्लीने आपली सर्व अलंकरणे पणाला लावली आणि बेर्नाक्कीने तीच अधिक सफाईने परतवली. बाविशीतील यशस्वी गायकाने यावर रुसवा धरला नाही. त्याने बेर्नाक्कीकडूनच मार्गदर्शन घेतले.

तो आवाज कसा होता

जर्मन बासरीवादक योहान योआखिम क्वांट्स याने १७२५–२६ च्या सुमारास त्याला अनेकदा ऐकले. त्याच्या वर्णनानुसार हा आवाज भेदक, भरदार, तेजस्वी आणि सर्व पट्ट्यांत एकसारखा होता. स्वरलगाव निर्दोष, तान जलद आणि सुस्पष्ट. अभिनय मात्र त्याचे बलस्थान नव्हते, असेही क्वांट्सने नोंदवले आहे. त्याच्यासाठी लिहिलेल्या रचनांवरून त्याचा पल्ला सुमारे तीन सप्तकांचा असल्याचे दिसते.

त्या काळच्या ऑपेरातील मुख्य गीतप्रकार म्हणजे ‘आरिया’. तिचे तीन भाग असत. पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा असे आणि या पुनरावृत्तीत गायकाने स्वतःच्या कल्पनेने स्वरविस्तार करावा, अशी अपेक्षा असे. रचनाकाराने कागदावर लिहिलेले स्वर हा केवळ आराखडा असे. श्रोते येत ते गायक त्यात काय भरतो हे ऐकण्यासाठी. फारिनेल्लीची कीर्ती या तात्कालिक निर्मितीवर उभी होती आणि म्हणूनच ती कागदावर फारशी उतरली नाही.

व्हिएन्नामध्ये सम्राट चार्ल्स सहावा याने त्याला एक सल्ला दिल्याचे बर्नीने लिहिले आहे. लांबलचक ताना आणि प्रचंड झेपा यांनी लोक थक्क होतात. आता त्यांचे मन जिंकण्याची वेळ आली आहे, तेव्हा साधा आणि सरळ मार्ग धर, असा त्याचा आशय होता. फारिनेल्लीने तो मनावर घेतला. आपल्या गायनात करुणरसाचा समावेश त्यानंतर झाला, असे त्याने उतारवयात स्वतःच बर्नीला सांगितले.

लंडनमधील तीन हंगाम

१७३० च्या दशकात लंडनमध्ये इटालियन ऑपेराच्या दोन संस्था एकमेकींशी झुंजत होत्या. एकीचा सूत्रधार हँडेल होता आणि तिला राजा जॉर्ज दुसरा व राजघराण्याचा पाठिंबा होता. दुसरी १७३३ मध्ये उमरावांनी स्थापन केली होती आणि तिच्या पाठीशी राजाशी पटत नसलेला युवराज फ्रेडरिक होता. हँडेलने काही वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये फारिनेल्लीला करारबद्ध करण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. उमरावांच्या संस्थेला तो साधला. तिचा संगीतप्रमुख फारिनेल्लीचा गुरू पोर्पोराच होता.

२९ ऑक्टोबर १७३४ रोजी हेमार्केट येथील किंग्ज थिएटरमध्ये ‘आर्तासेर्से’ या ऑपेरातून फारिनेल्ली लंडनकरांसमोर आला. त्यातील संगीत मुख्यतः हासे याचे असले, तरी ‘सोन क्वाल नावे’ हे गीत भाऊ रिकार्दोने खास त्याच्यासाठी रचले होते. त्यातील पहिलाच स्वर त्याने इतक्या नाजुकपणे लावला, इतका फुलवला आणि तसाच विझवत नेला की पाच मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत, असे बर्नी सांगतो. याच ऑपेरात ज्येष्ठ कास्त्रातो सेनेसिनो क्रूर जुलमी पुरुषाची भूमिका करत होता. साखळदंडांतील कैदी झालेल्या फारिनेल्लीचे पहिले गीत ऐकताच तो आपली भूमिका विसरला आणि त्याने धावत जाऊन त्याला आलिंगन दिले, अशीही आख्यायिका आहे.

हंगामाचे त्याचे मानधन १,५०० पौंड होते. लाभप्रयोगाचे उत्पन्न आणि श्रीमंतांच्या भेटी धरून वर्षाची प्राप्ती ५,००० पौंडांच्या घरात जाई, असा समकालीन अंदाज आहे. देव एक आणि फारिनेल्ली एक, अशा आशयाचे उद्गार एका उच्चकुलीन स्त्रीने प्रेक्षागृहातून काढल्याचे प्रसिद्ध झाले. चित्रकार विल्यम होगार्थने १७३५ मधील आपल्या चित्रमालिकेत त्यावरून या वेडाची टर उडवली. परकी भाषा, परके गायक आणि त्यांच्यावर उधळला जाणारा पैसा यांवर इंग्रज लेखकांनी झोड उठवली. नवलाई ओसरल्यावर प्रेक्षक घटले. इतक्या लहान वर्तुळात दोन संस्था तगणे अशक्यच होते. १७३७ मध्ये उमरावांची संस्था बंद पडली.

माद्रिद : दंतकथा आणि पत्रे

१७३७ च्या उन्हाळ्यात स्पेनची राणी एलिझाबेत्ता फार्नेझे हिचे निमंत्रण आले. राजा फिलिप पाचवा तीव्र विषण्णतेने ग्रासलेला होता. तो रात्रंदिवस अंथरुणात राही, दाढी करू देत नसे, राज्यकारभाराकडे पाहत नसे. शेजारच्या दालनात फारिनेल्लीला गाण्यास सांगण्यात आले. राजाने ते ऐकले, गायकाला बोलावून घेतले आणि हळूहळू तो पूर्ववत वागू लागला, अशी पारंपरिक कथा आहे. पुढे राजा-राणीचा खासगी सेवक म्हणून त्याची नेमणूक झाली. लंडनशी झालेला पुढील हंगामाचा करार त्याला सोडावा लागला. तो पुन्हा कधीही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर गायला नाही.

राजाच्या निधनापर्यंत त्याने रोज रात्री तीच चार गीते गायली, हे विधान अनेक पुस्तकांत आढळते. बोलोन्याचे काउंट सिचिनिओ पेपोली यांना फारिनेल्लीने लिहिलेल्या पत्रांतून निराळे चित्र दिसते. एका रात्रीत आठ-नऊ गीते गावी लागतात आणि विश्रांती अशी मिळतच नाही, असे तो लिहितो. हे गाणे औषधासारखे होते, दररोजचे आणि न चुकता द्यायचे. राजाचा आजार त्यामुळे बरा झाला नाही. विषण्णतेचे झटके पुढेही येत राहिले. बदलले ते इतकेच की दिवसाच्या अखेरीस राजाला वाट पाहण्याजोगे काही मिळाले. फिलिप ९ जुलै १७४६ रोजी मरण पावला. तोपर्यंत नऊ वर्षे हे व्रत चालू होते.

ऑपेराचा कारभारी

नवा राजा फर्डिनांड सहावा आणि राणी मारिया बार्बरा ही दोघे संगीतप्रेमी होती. राणी तर दोमेनिको स्कार्लात्तीची शिष्या आणि उत्तम हार्पसिकॉर्डवादक. त्यांच्या काळात फारिनेल्लीच्या आयुष्यातील वेगळे पर्व सुरू झाले. १७४७ पासून माद्रिदच्या ब्वेन रेतिरो राजवाड्यातील रंगमंदिर आणि आरान्ह्वेस येथील उन्हाळी महालातील करमणुकीचे कार्यक्रम यांची सर्व व्यवस्था त्याच्याकडे आली. इटलीतील उत्तमोत्तम गायक, नेपथ्यकार आणि रंगयंत्रे तयार करणारे कारागीर त्याने बोलावले. संहितांसाठी त्याने आपला ‘जुळा भाऊ’ मेतास्तासिओ याला व्हिएन्नात पत्रांमागून पत्रे पाठवली. आरान्ह्वेस येथे ताहो नदीत राजघराण्याच्या जलविहारासाठी शृंगारलेल्या नौकांचा ताफा उभारला. त्यातील नौकांवरून वाद्यवृंद वाजे आणि कधी फारिनेल्ली स्वतः गाई.

१७५८ मध्ये त्याने या सगळ्या व्यवहाराची सविस्तर हस्तलिखित नोंद तयार करून राजाला सादर केली. कोणते ऑपेरे झाले, कोण गायले, कोणाला किती वेतन, कोणत्या कर्मचाऱ्याचे काय काम, सामान कोठे ठेवायचे, हे सर्व तीत आहे. ही नोंद अठराव्या शतकातील दरबारी रंगभूमीच्या कामकाजाविषयीचे अत्यंत मोलाचे साधन मानली जाते. ती वाचताना एक शिस्तप्रिय, हिशेबी आणि कारागिरांची कदर करणारा माणूस समोर येतो.

१७५० मध्ये राजाने त्याला कालात्रावा या प्रतिष्ठित सरदारपंथाची मानवस्त्रे दिली. राजाच्या इतक्या निकट असलेल्या माणसाला मंत्रिपदाची सत्ता भोगणे अवघड नव्हते. एकोणिसाव्या शतकातील काही नाटकांनी तर त्याला थेट पंतप्रधानच केले. प्रत्यक्षात त्याने कोणतेही राजकीय पद घेतले नाही आणि बावीस वर्षांत फारसे शत्रूही जोडले नाहीत.

राणी १७५८ मध्ये आणि राजा १७५९ मध्ये निधन पावला. गादीवर आलेल्या चार्ल्स तिसरा याला ऑपेराची आवड नव्हती. फारिनेल्लीचे निवृत्तिवेतन त्याने चालू ठेवले, परंतु दरबारातील त्याचे स्थान संपले.

बोलोन्यातील अखेर

फारिनेल्ली बोलोन्याचा नागरिक १७३२ मध्येच झाला होता. शहराबाहेर जमीन घेऊन त्याने निवृत्तीची तरतूदही तेव्हाच करून ठेवली होती. तेथील प्रशस्त घरात त्याने उरलेली वीस वर्षे काढली. राणीने मृत्युपत्राने दिलेली वाद्ये आणि संगीताचा संग्रह त्याच्यासोबत आला. त्यात स्कार्लात्तीच्या सोनाटांचे हस्तलिखित खंड होते. स्कार्लात्तीने स्वतःच्या हातच्या प्रती मागे ठेवल्या नसल्यामुळे हे खंड आज अमोल ठरले आहेत. त्यांपैकी पंधरा खंड व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहेत.

संगीतज्ञ पाद्री मार्तिनी त्याचा स्नेही होता. १७७० मध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट वडिलांसह त्याला भेटून गेला. त्याच वर्षी बर्नीही आला. गाणे थांबले होते, मात्र तो हार्पसिकॉर्ड वाजवत असे. त्याने आपल्या वाद्यांना राफाएल, कोरेज्जो, तिशियन अशी थोर चित्रकारांची नावे दिली होती. एप्रिल १७८२ मध्ये व्हिएन्नात मेतास्तासिओ गेला; पाच महिन्यांनी फारिनेल्लीही. नेपोलियनच्या काळात त्याचे मूळ दफनस्थान उद्ध्वस्त झाले आणि १८१० मध्ये त्याचे अवशेष बोलोन्याच्या चेर्तोझा स्मशानभूमीत हलवण्यात आले. २००६ मध्ये अभ्यासकांनी ते बाहेर काढून तपासले. तारुण्यात मिटून जाणाऱ्या हाडांच्या वाढीच्या रेषा सत्याहत्तर वर्षांच्या या वृद्धाच्या सांगाड्यात अद्याप शिल्लक होत्या. बालपणी झालेल्या शस्त्रक्रियेची खूण त्याच्या हाडांनी अखेरपर्यंत जपली होती.

जे उरले आणि जे उरले नाही

रोममध्ये पोप पायस दहावे यांनी १९०३ मध्ये चर्चसंगीताविषयी काढलेल्या आदेशाने उंच स्वरांसाठी मुलांचाच आवाज योजण्याचे ठरले आणि कास्त्रातोंच्या भरतीचा प्रश्न संपला. सिस्टीन चॅपेलमधील आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८–१९२२) याचे १९०२ आणि १९०४ मधील ध्वनिमुद्रण हा एकल कास्त्रातोच्या आवाजाचा एकमेव उपलब्ध पुरावा होय. तो चर्चमध्ये घडलेला गायक होता. फारिनेल्लीच्या तानांची कल्पना त्यावरून येत नाही.

१९९४ मध्ये जेरार कोर्बियो यांनी फारिनेल्लीवर चित्रपट काढला. त्यात एक पुरुष काउंटरटेनर आणि एक सोप्रानो गायिका यांचे आवाज तांत्रिक प्रक्रियेने एकत्र करून त्याचा आवाज घडवावा लागला. अलीकडे फिलिप जारुस्की आणि चेचिलिया बार्तोली यांनी त्याच्यासाठी लिहिलेली गीते ध्वनिमुद्रित करून नव्या श्रोत्यांपर्यंत नेली आहेत. त्याच्या गायनाची कल्पना देणारे एक हस्तलिखितही उपलब्ध आहे. १७५३ मध्ये फारिनेल्लीने माद्रिदहून सम्राज्ञी मारिया तेरेझा हिला आपल्या निवडक गीतांचा संग्रह पाठवला. त्यात त्याने गाताना घेतलेले आलाप आणि ताना लिहून काढलेल्या आहेत. हा संग्रह व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या पानांवर स्वर आहेत आणि श्वासाच्या लांबीचा अंदाजही येतो. ते स्वर ज्या कंठासाठी लिहिले गेले, तसा कंठ मात्र आता घडत नाही. आणि ज्या किमतीत तो घडवला जाई ती पाहता, तो घडू नये हेच योग्य.